चालीवर मागितलेलं पाणी

महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात दोन पातेली शेजारी शेजारी भिजत ठेवलेली असायची. एकात दुसऱ्या दिवशीच्या उसळीची मटकी आणि दुसऱ्यात काळ्या मनुका. मनुका प्रभुभोजनासाठी, म्हणजे उपासनेत भाकरीच्या तुकड्याबरोबर घेतात त्या द्राक्षरसासाठी. हिंगणघाटात तेव्हा द्राक्षाचा रस कुठला मिळायला? रविवारी सकाळी मनुका उकळायच्या, स्वच्छ फडक्यातून पिळायच्या आणि तो काळपट लाल रस बाटलीत भरून देवळात न्यायचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. एकदा घाईघाईत मी उसळीची फोडणी मनुकांच्या पातेल्यात ओतली. मोहरी तडतडली आणि गोडसर वाफ नाकात गेली, तेव्हा कळलं. सासूबाई पाटावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. देवाले बी एकदा तिखट खाऊ दे."

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. मी मूळची नगरकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं मला कळत नसे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आठवड्यातले तीन दिवस त्यांची कारंज्याची वस्तीची गाडी असायची. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, मुक्काम तिथेच करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. घरात मोठी मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा, धाकटी चार वर्षांची, सासूबाई आणि मी.

देवळातली कामं माझ्याकडे एकेक करून आली. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि मला माहेरी पेटी शिकवलेली होती. संडे स्कूल घेणाऱ्या बाईंना दिसेनासं झालं. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुऊन, खळ घालून, इस्त्री करायचं काम मी एकदा हौसेने केलं आणि ते मग माझंच झालं. उपासना चालवणारे पाळकसाहेब वर्ध्याहून एक रविवार आड येत, म्हणून देवळाची किल्लीही आमच्याच खुंटीवर. अठरा-वीस घरांची आमची मंडळी. कुणी सुताच्या गिरणीत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत शिपाई. नाही म्हणायला मला जमत नसे, आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायचंही. पहाटे उठून पाणी भरायचं, पोळ्या लाटायच्या, मुलांचे डबे, धुणं, मग गुरुवारी बायकांची प्रार्थना, शनिवारी देवळाची झाडलोट. छपरात कबुतरं होती, त्यामुळे बाक दर आठवड्याला घासावे लागत.

सासूबाईंना हे पटत नसे. देवावर त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा जुनी आणि पक्की होती, पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "देवळातल्या बाकाले भूक लागत नाई," त्या म्हणायच्या. "लेकराले लागते." मी हात चालवत राहायची.

त्यांच्याविषयी सांगायला हवं. लहानपणी कुणीतरी त्यांना मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं होतं. आईबाप कोण, गाव कोणतं, हे त्या कधी बोलल्या नाहीत. विचारलं तर "मले काय मालूम" एवढंच. आश्रमात वाढल्या, तिथल्याच दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबल्या, तरुणपणी विधवा झाल्या आणि एकुलता एक मुलगा वाढवला. अक्षरं काही डोक्यात शिरली नाहीत, असं त्याच सांगत. पण उपासनेतलं प्रत्येक गाणं त्यांना पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत पाठ. गायच्या मात्र फक्त देवळात, मोठ्याने, आणि माझ्या पेटीच्या नेहमी थोडं मागे. घरी आल्यावर मला म्हणायच्या, "तुही पेटी पळून राह्यली होती. कोणी मांगं लागलं होतं का तिच्या?"

एका रविवारी उपासना संपल्यावर मी खिडक्या लावल्या, कापड घडी केलं, दाराला कुलूप घातलं आणि मोठ्या दोघांना घेऊन झपाझपा घरी आले. भात टाकायचा होता. दारात सासूबाई उभ्या. त्या दिवशी गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्यांनी मुलांकडे पाहिलं, माझ्यामागे पाहिलं.

"दोनच?"

धाकटी शेवटच्या बाकावर झोपली होती. मी तिला तशीच ठेवून कुलूप लावून आले होते. मी उन्हात अनवाणी पळाले. दार उघडलं तर ती जागी होऊन बाकावर पाय हलवत बसलेली, हातात कबुतराचं पीस. रडत नव्हती. मीच तिला छातीशी धरून रडले.

घरी आल्यावर सासूबाई बोलतील, या भीतीने मी मान वर केली नाही. त्यांनी भात टाकला होता, वरणही. ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "चाबी आजपासून माह्यापाशी ठेवजो. मी लावत जाईन कुलूप. मी लेकरं मोजूनच निघतो." खरंच, पुढच्या रविवारपासून त्या दारात उभ्या राहून एकेक मूल मोजायच्या, आमचीच नव्हे, साऱ्या मंडळीची. मगच कुलूप.

हे जेमतेम दोन महिने चाललं.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी सुरू होती आणि शेजारच्या काकू पहाटेच मजूर बायकांना घेऊन शेतात जायच्या. ते कुणबी शेतकरी कुटुंब, आमच्या त्यांच्या घरांत एकच भिंत. त्या सकाळी मी कणीक मळत होते आणि सासूबाई समोर सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांच्या हातातून घसरलं. तांदूळ सगळीकडे पसरले. मी म्हटलं, "राहू द्या आई, मी गोळा करते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी बोलायला गेल्या आणि तोंडातून आलं, "बा."

पुन्हा, "बा. बा."

मी भिंतीवर मुठी आपटून हाक मारली. सुदैवाने काका घरी होते. त्यांनी वेचलेला कापूस बंडीतून खाली लोटला, बंडीत एक गोधडी टाकली, बैल जुंपले आणि सासूबाईंना दोघातिघांनी उचलून निजवलं. "पोरं मी पाह्यतो, तू जाय," म्हणत शेतातून पळत आलेल्या काकूंनी माझ्या हाताची कणीक स्वतःच्या पदराने पुसली. गावातल्या दवाखान्याने लगेच वर्ध्याला न्यायला सांगितलं. यांना निरोप कसा द्यायचा? डेपोत जाऊन मी जाम गावाकडे निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. असा हातोहात निरोप कारंज्याला पोहोचला आणि दुपारी चार वाजता हे वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आमच्यापुढे उभे होते. अंगावर खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच.

बारा दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय लुळा. पायात थोडं बळ येईल, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं सांगता येत नाही, म्हणाले. त्यांना आमचं सगळं कळत होतं. धाकटी रडली की मान वळायची. पण तोंड उघडलं की एकच, "बा". पाणी हवं तरी बा, कूस बदलायची तरी बा. आम्ही दहा गोष्टी विचारायचो, त्या डोक्याने नाही नाही करत राहायच्या आणि शेवटी डोळे मिटून घ्यायच्या. उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेली ती बाई डोळे मिटून घ्यायची, ते मला बघवत नसे.

आता माझा दिवस असा झाला: त्यांना उठवणं, अंग पुसणं, भरवणं, चादरी धुणं, मध्ये स्वयंपाक, मध्ये मुलं, पुन्हा चादरी. मी ठरवलं, देवळाचं काम सोडायचं. रविवारी पाळकसाहेब आले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ते वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. घरात आजारी माणूस आहे, तीच तुमची उपासना." मला हलकं वाटायला हवं होतं. पण घरी येताना रस्ताभर माझे डोळे वाहत होते. नाताळला चार आठवडे उरले होते आणि मुलांची गाणी बसवायला दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. बाहेर मंडळीतल्या दोन बायका, त्यांच्यामागे पंधरा-सोळा मुलं, आणि गिरणीत काम करणाऱ्या एकाच्या डोक्यावर देवळातली पेटी.

"तुमी घर सोडू नका," त्यातली मोठी बाई म्हणाली. "आमीच इकडे येतो. तुमी पेटी वाजवा, आजीकडे मी पाह्यतो. अन् हिनं तुमच्या घरचा स्वयंपाक करायचा."

दुसरी तोवर माझ्या चुलीपाशी पोहोचलीही होती.

ओसरीत सतरंजी टाकली. सासूबाईंची खाट आतल्या खोलीत, दाराच्या अगदी जवळ. आम्ही नाताळचं एक जुनं गाणं घेतलं. तारा दिसतो, पूर्वेकडचे ज्ञानी लोक उंटांवरून निघतात, वाट चुकतात, पुन्हा तारा दिसतो, अशी पाच कडव्यांची गोष्ट त्यात आहे. पहिली दोन कडवी मुलांनी जोरात म्हटली. तिसरं कुणालाच येईना. मी पेटीवर चाल वाजवत राहिले, शब्द आठवू पाहिले, तर माझंही डोकं रिकामं. गेल्या महिनाभरात माझ्या डोक्यात औषधांच्या वेळा सोडून काही राहिलंच नव्हतं.

आणि आतून आवाज आला.

घोगरा, थरथरता, माझ्या पेटीच्या थोडा मागे. पण शब्द! एकेक शब्द लखलखीत. तिसरं कडवं पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मुलं माना वळवून दाराकडे बघायला लागली. माझी बोटं पेटीवर होती, ती थांबवायची मला भीती वाटली. थांबले तर तो आवाजही थांबेल असं वाटलं. मी वाजवत राहिले. चौथं कडवं झालं, पाचवं झालं. गाणं संपलं तेव्हा ओसरीत सोळा मुलं होती आणि एकही हलत नव्हतं.

मी आत धावले. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. डावा हात त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता, आत कोण आहे ते चाचपल्यासारखा.

"आई! आई, बोला ना. पाणी देऊ?"

त्यांनी तोंड उघडलं. "बा," म्हणाल्या. पुन्हा प्रयत्न केला. "बा."

मी बाहेर येऊन पुन्हा पेटीवर बसले आणि दुसरं गाणं धरलं. आतून पुन्हा शब्द आले, सगळेच्या सगळे. माझ्या अंगावर शहारे उभे राहिले. आजही ते लिहिताना राहतात. चमत्कार हा शब्द मी शेकडो वेळा मुलांना शिकवताना उच्चारला असेल. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात दाखवायला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे थोडं रोखून पाहिलं, आणि म्हणाले, "म्हणून दाखवायला सांगा." पेटी नव्हती. मी हळू आवाजात सुरुवात केली. बाहेर रांगेत माणसं, कुठे मूल रडतंय, कुठे भांड्यांचा आवाज. सासूबाई गायला लागल्या आणि हळूहळू ते सगळं थांबलं. डॉक्टरांनी आणखी दोघांना बोलावून आणलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि समजावून सांगू लागले. डोक्यात बोलणं एका बाजूला राहतं, म्हणाले, आणि गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला. यांची बोलण्याची बाजू दुखावली आहे. गाण्याची शाबूत आहे.

"मग त्या रस्त्याने बोलणं आणता येईल का?" मी विचारलं.

"काही ठिकाणी तसा प्रयत्न करतात," ते म्हणाले. "रोजचे शब्द चालीवर बसवायचे. हातावर ताल धरायचा. घाई करायची नाही. मी खात्री देत नाही. पण तुम्हाला गाणं येतं. करून बघा."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात हिशेब करत होते की वेळ आणायचा कुठून. शेवटी वेळ माझ्या मोठ्या मुलीने आणला. तिने शाळेतून आल्यावर आजीचा डावा हात हातात घेतला, त्यावर थापटी दिली आणि दोन सुरांत म्हटलं, "पा-णी. पा-णी." वरचा सूर, खालचा सूर. मी पोळ्या लाटता लाटता लाटण्याच्या ठेक्यावर तेच म्हणायची. मुलगा दप्तर भरताना म्हणायचा. धाकटी तर दिवसभर. काकू भिंतीपलीकडून हसायच्या, "काय वो, सारं घर पाण्यासाठी गाऊन राह्यलं!" अकराव्या का बाराव्या दिवशी सकाळी मी कपडे पिळत होते. आतून दोन सूर आले. वरचा, मग खालचा.

"पा-नी."

मी ओल्या हातांनी धावले. पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. अर्धंच तोंड हसलं. मग, आमच्या 'णी'ची दुरुस्ती सांगावी तसं, पुन्हा गाऊन दाखवलं.

नाताळच्या दिवशी काकांनी बैलांच्या शिंगांना रंग दिला, बंडीत गादी घातली आणि सासूबाईंना देवळाच्या दारापर्यंत आणून सोडलं. काकूही आत आल्या, शेवटच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मुलांनी ताऱ्याचं गाणं सुरू केलं. तिसऱ्या कडव्याला पाळकसाहेबांनी हात वर केला, मुलं गप्प झाली, आणि ते कडवं एकट्या सासूबाईंनी म्हटलं. मी पेटी त्यांच्या मागून वाजवली. त्यांच्या चालीने, त्यांना हवी तितकी सावकाश. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि सासूबाईंच्या डाव्या हातात दिली.

मी पुन्हा पेटी धरली, पण सगळी कामं परत घेतली नाहीत. मेजाचं कापड एकीने घेतलं, झाडलोट दोघींनी. मला वाटायचं माझ्याशिवाय होणार नाही. माझ्याइतकं नीट झालं नाही, पण झालं.

त्यानंतर शब्द एकेक करून येत गेले. भात. दुखतं. ऊन. नको. प्रत्येकाला आम्ही दोन-तीन सुरांची चाल दिली आणि काही चाली त्यांनी नाकारून स्वतःच्या लावल्या. फेब्रुवारीत असेल, दुपारी तीनच्या सुमाराला मी त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून चादरी घड्या करत होते. सकाळपासून एका जागी बसायला मिळालं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या खांद्यावर ताल धरला. मला वाटलं, पाणी. उठणार तेवढ्यात त्या गायल्या, आम्ही कधीच न शिकवलेले शब्द, त्यांच्या स्वतःच्या चालीत:

"तू-जे-व-ली-का-वो?"

मी जेवले नव्हते. विसरलेच होते. मी त्यांच्या खाटेवर डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ उठले नाही. इतके दिवस त्यांना काय हवं ते आम्ही विचारत होतो. बोलण्याच्या त्या अरुंद वाटेवरून त्यांनी पहिला प्रश्न आणला, तो माझ्या जेवणाचा.

पुढच्या आश्विनात आणखी एक गोष्ट घडली. काकूंच्या अंगणात मुली भुलाबाईची, आमच्या नगरकडच्या भोंडल्यासारखी, गाणी म्हणत होत्या, टिपऱ्या वाजवत. आमच्या ख्रिस्ती घरात भुलाबाई बसत नसे, पण माझ्या मुली शेजारी जायच्या. त्या संध्याकाळी सासूबाईंना ओसरीत खुर्चीवर बसवलं होतं. काकूंनी एक जुनं गाणं काढलं. दोन ओळी झाल्या आणि सासूबाईंनी तिसरी म्हटली.

काकू थांबल्या. अंगणाच्या भिंतीवरून डोकावून बघायला लागल्या. सासूबाई डोळे मिटून म्हणतच होत्या. गाणं मोठं होतं, त्यात सासर-माहेर, भाऊ, आंब्याचं झाड. शब्द लहान मुलीचे असावेत तसे बोबडे उमटत होते. मी त्या घरात चौदा वर्षं होते. यांनी तर जन्मापासून आईला ऐकलेलं. आम्ही कुणीच त्यांच्या तोंडून उपासनेबाहेरच्या गाण्याचं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

"हे गाणं इकडे नाई म्हणत कोणी," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "माहं माहेर अल्लीपूरच्या अंगाले. तिकडच्या बाया अशी म्हणतात. शेवटाले असा हेल काढतात."

हे तेव्हा घरीच होते. ओसरीच्या पायरीवर बसून बूट काढत होते, ते एक बूट हातात धरून तसेच राहिले. पन्नास-साठ वर्षं त्यांच्या आईने जे सांगितलं नव्हतं, किंवा जे तिला आठवतही नव्हतं, ते एका गाण्याच्या शेवटच्या हेलात होतं. अनाथाश्रमाच्या आधी एक अंगण होतं. त्यात कुणीतरी त्या पोरीला टिपऱ्या धरायला शिकवल्या होत्या.

त्या थंडीत आम्ही त्यांना अल्लीपूरला घेऊन गेलो. काकू सोबत आल्या. काही सापडेल असं मला मनातून वाटत होतं. घर, विहीर, एखादं म्हातारं माणूस, नाव. मोठं गाव ते. आम्ही त्यांना आधार देत गल्लीगल्लीतून चालवलं. त्या सगळीकडे नीट बघत होत्या. आम्ही विचारायचो, "आई, हे ओळखता?" आणि त्या मान हलवायच्या, नाही. एका घरासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या बायकांनी काकूंकडून सगळी हकीगत ऐकली. त्यातली सगळ्यात म्हातारी उठली, सासूबाईंच्या तोंडावरून हात फिरवून बराच वेळ बघत राहिली.

"कोणाची असंल?" दुसरीने विचारलं.

"काय मालूम," म्हातारी म्हणाली. "कोणाची बी असो. चाय मांडा. आपल्या घरी आली हाय."

आम्ही चहा घेतला. त्या बायकांनी ते गाणं म्हटलं आणि सासूबाईंनी त्यांच्यात मिसळून म्हटलं. शेवटचा हेल सगळ्यांचा सारखा पडला, आणि म्हातारीने कानाला हात लावून मान डोलावली. नातं लागलं नाही, नाव मिळालं नाही. निघताना त्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. म्हातारी म्हणाली, "येत जाजो वो बाई."

सासूबाईंनी माझ्या हातावर बोटांनी ताल धरला, थोडं थांबल्या, सूर शोधला आणि म्हणाल्या, "ये-तो."

पुन्हा जाणं झालं नाही. त्या आणखी दीड वर्ष होत्या. शेवटपर्यंत चालीवरच बोलल्या. रागावल्या तरी चालीवर. मग आम्हाला हसू यायचं आणि त्यांनाही. घरात आम्हालाही तशीच सवय लागली. यांनी गाडीवर एकदा सुट्टे पैसे गाऊन मागितले आणि साऱ्या प्रवाशांनी वळून पाहिलं, असं ते सांगत.

मी पुढे वीस वर्षं पेटी वाजवली. पुष्कळ मोठे उपदेशक ऐकले. पण माणसाच्या आत किती आणि कुठे कुठे काय ठेवलेलं असतं, हे मला माझ्या ओसरीत, बोटं पेटीवर असताना कळलं. त्या दुपारी आत कोण गात आहे ते बघायला मी उठले होते. तो थक्कपणा अजून माझ्याजवळ आहे.